जकात, फोन आणि ओळखीचा माणूस

मुसलमान माणूस जकात, म्हणजे संपत्तीतून काढायचे सक्तीचे धार्मिक दान, फोनवरून का देतो, किंवा का देत नाही, यावर गेल्या काही वर्षांत बरेच संशोधन झाले आहे आणि त्यातला मोठा भाग इंडोनेशिया आणि मलेशिया या दोन देशांतला आहे. त्याची घडण बहुतेक ठिकाणी सारखीच. माणसे नवे तंत्र कधी स्वीकारतात हे सांगणारे एक प्रारूप फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडले. व्यंकटेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये त्याला अधिक व्यापक रूप दिले. त्याच्या आधाराने संशोधक विचारतात : अ‍ॅप उपयोगाचे वाटते का, वापरायला सोपे आहे का, आजूबाजूचे लोक ते वापरतात का, फोन आणि इंटरनेट हाताशी आहे का. त्यात धर्माचे ज्ञान आणि संस्थेवरचा विश्वास या दोन गोष्टींची भर घातली जाते. प्रश्नावल्या बहुधा ऑनलाइन भरल्या जातात, भरणारे बहुधा तरुण, शिकलेले, शहरी असतात, आणि मोजली जाते ती देण्याची इच्छा; दिलेली रक्कम क्वचितच. या अभ्यासांचा उपयोग नाही असे मी म्हणणार नाही. पण बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातल्या उमापूरसारख्या गावाकडे पाहून हा प्रश्न विचारला, तर या चौकटीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटच्या रकान्यात ढकलली गेली आहे असे दिसते. ती गोष्ट म्हणजे विश्वास, आणि तोही अ‍ॅपवरचा नव्हे, तर अ‍ॅपच्या पलीकडे पैसा ज्याच्या हाती पडणार त्या माणसाविषयीचा.

सोयीचा मुद्दा आधी निकालात काढू. यूपीआय २०१६ च्या एप्रिलात सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या नोटाबंदीने त्याला रेटा दिला. २०२३-२४ या एका आर्थिक वर्षात त्यावरून देशभर सुमारे १३,१०० कोटी व्यवहार झाले. आज मराठवाड्यातल्या खेड्यांत किराणा दुकानावर, चहाच्या टपरीवर, आठवडी बाजारातल्या भाजीच्या पाटीवर क्यूआर कोड दिसतो. फोन हाताळणे जड जाते म्हणून जकात डिजिटल मंचावर जात नाही, हे म्हणणे आता टिकत नाही. जकातीचा पैसा फोनवरून जातोच. पुण्या-मुंबईत किंवा आखातात कामाला असलेला मुलगा रमजानात गावाकडच्या चुलत्याच्या खात्यावर रक्कम टाकतो, आणि कोणत्या विधवेला, कोणत्या कर्जबाजारी घराला किती द्यायचे हे चुलता ठरवतो. मदरशाच्या खात्यावर थेट पैसे जातात, मस्जिद कमिटीच्या खजिनदाराच्या नंबरवर जातात. म्हणजे पैसा डिजिटल झाला, दान मात्र ओळखीच्याच वाटेने चालले आहे. संशोधनात या दोन गोष्टी अनेकदा एकाच शीर्षकाखाली येतात आणि तिथेच घोटाळा होतो. रोख की फोन, हा निवडीचा मुद्दा बव्हंशी मागे पडला आहे. खरी निवड ओळखीचा हात आणि अनोळखी मंच यांच्यात आहे.

ही ओळख एवढी मोलाची का, याचे उत्तर खेडवळ संशयात शोधू नये. ते जकातीच्या नियमांतच आहे. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, किंवा तेवढ्या किमतीची रोकड नि व्यापारी माल, एक चांद्र वर्ष मालकीत राहिला की शेकडा अडीच हिस्सा निघतो. तो कोणाला द्यायचा याचे आठ वर्ग कुराणाच्या सूरह तौबामध्ये सांगितले आहेत. भारतातले बहुसंख्य मुसलमान हनफी मताचे. त्या मतात तमलीक, म्हणजे गरजूला त्या पैशाचा पुरता मालक करणे, ही अट आहे. जकातीतून रस्ता किंवा मस्जिदीची भिंत बांधता येत नाही, कारण तिथे मालक होणारा माणूस नसतो. मधल्या माणसाच्या हाती पैसा दिला तर तो देणाऱ्याचा वकील ठरतो. आणि त्याच्याकडून पैसा मुस्तहिकापर्यंत, म्हणजे हक्कदारापर्यंत, पोहोचलाच नाही तर फर्ज, म्हणजे धार्मिक कर्तव्य, देणाऱ्याच्याच डोक्यावर राहतो. साध्या देणगीत संस्थेने फसवले तर देणाऱ्याचे पैसे जातात, मनाला चुटपुट लागते, पण दिल्याचे पुण्य तरी पदरी पडले असे तो म्हणू शकतो. जकातीत तसे म्हणता येत नाही. त्यामुळे एखाद्या मंचावर बटण दाबण्याआधी ‘पैसे कोणाला जातील?’ असे विचारणारा माणूस तंत्राला घाबरलेला नसतो. तो आपले कर्तव्य पुरे झाले की नाही याची खात्री करत असतो.

याच कसोटीवर मलेशिया आणि भारत यांतला फरक कळतो. मलेशियात राज्याराज्यांच्या अधिकृत जकात संस्था आहेत. त्यांच्या अधिकाऱ्याच्या हाती पैसा गेला की देणाऱ्याची जबाबदारी संपते, आणि भरलेली रक्कम आयकरातून पूर्ण वजा होते. तिथे अ‍ॅप हा सरकारमान्य वसुलीचा आणखी एक दरवाजा आहे. तो सोपा आहे की अवघड एवढेच पाहायचे उरते, म्हणून तिथल्या अभ्यासांत सोयीला वजन येते. इंडोनेशियात २०११ च्या कायद्याने बाझनास या राष्ट्रीय मंडळाला अधिकार दिले, मोठ्या खरेदीविक्रीच्या आणि पैसे भरण्याच्या अ‍ॅपांवर जकातीची सोय झाली. तरीही संस्थांकडे जमा होणारी रक्कम अंदाजित क्षमतेच्या मानाने थोडीच राहिली, कारण लोक शेजाऱ्याला, नातलगाला, गावच्या उस्ताजांना थेट देत राहिले. पाकिस्तानचा धडा याहून बोलका आहे. १९८० च्या जकात आणि उश्र अध्यादेशाने बँकांतल्या बचत खात्यांवर रमजानच्या पहिल्या तारखेला अडीच टक्के आपोआप कापून घेण्याची व्यवस्था केली. याहून सोपी पद्धत असूच शकत नाही, कारण देणाऱ्याला बोटही हलवावे लागत नाही. परिणाम असा की लोक रमजानच्या तोंडावर खात्यातून पैसे काढून घेऊ लागले. शिया समाजाला निदर्शनांनंतर प्रतिज्ञापत्रावर सूट मिळाली. पुढे १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुन्नींनाही ती वाट मोकळी केली. पैसे काढून घेणारे सगळेच जकात बुडवत नव्हते. आपली जकात आपल्या हाताने द्यायची म्हणून काढणारेही त्यांत होते. सरकारी यंत्रणेत पैसा कुठे जातो हे दिसत नसेल, तर सोय उलट पळवून लावते.

भारतात सरकारी आमिल, म्हणजे जकात गोळा करणारा अधिकारी, नाही आणि नसावा हेच बरे. त्याची जागा इथे अनेकांनी वाटून घेतली आहे. हैदराबाद जकात अँड चॅरिटेबल ट्रस्ट १९९२ पासून, दिल्लीची जकात फाउंडेशन ऑफ इंडिया १९९७ पासून काम करते. मुंबईत सुरू झालेल्या असोसिएशन ऑफ मुस्लिम प्रोफेशनल्सने जकातीसाठी स्वतःचा लोकवर्गणीचा मंच उभा केला. केटो, मिलाप यांसारख्या सर्वसाधारण मंचांवरही रमजानात जकातयोग्य म्हणून मोहिमा चालतात. पण खेड्यापाड्यांत पोहोचलेला खरा वसुलीदार म्हणजे मदरशाचा सफीर, जो पावती पुस्तक घेऊन गावोगाव फिरतो. २०२० च्या टाळेबंदीत रमजान २५ एप्रिलला सुरू झाला तेव्हा हे सफीर घरीच अडकले. अनेक मदरशांनी मग खाते क्रमांक आणि क्यूआर कोड व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. लोकांनी पैसे पाठवलेही, कारण त्या क्रमांकामागचा चेहरा त्यांना आधीपासून माहीत होता. त्या वर्षीच्या बदलाकडे बोट दाखवून डिजिटल दानाचा विजय झाला असे म्हणणारे ही बाजू विसरतात. सक्ती आली, साधन बदलले, ओळख तीच राहिली.

यावर एक वजनदार आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. ओळखीने दिलेली जकात विखुरते. दारावर आलेल्याला पन्नास-शंभर रुपये, एक साडी, किराण्याची एक पिशवी. त्यातून कोणाचे कर्ज फिटत नाही, कोणाचे शिक्षण होत नाही, आणि पुढच्या रमजानात तीच माणसे त्याच दारावर उभी राहतात. मंच रक्कम एकत्र करतात, हिशेब ठेवतात, मोठे काम करू शकतात. आक्षेपातला पहिला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. दुसरा तपासून घ्यावा लागतो, कारण एकत्र झालेली रक्कम कोणत्या गावात उतरते हे त्यात सांगितलेले नसते. लोकवर्गणीच्या मंचावर गरजूला आधी दिसावे लागते. कोणालातरी त्याची हकीकत इंग्रजीत किंवा हिंदीत लिहावी लागते, दवाखान्याचे अंदाजपत्रक जोडावे लागते, फोटो-व्हिडिओ द्यावा लागतो, आणि ती लिंक शंभर फोनांत फिरवणारे नातेवाईक असावे लागतात. यात बसते ते अचानक आलेले मोठे आजारपण. कापसाचे पीक गेल्याने थकलेली उधारी, ऊसतोडीच्या मुकादमाकडून घेतलेली उचल, मुलीची अर्ध्यावर सुटलेली शाळा ही संथ गरिबी बसत नाही, कारण तिला अंतिम मुदत नसते आणि तिचा फोटो निघत नाही. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार होती आणि त्यात साधारण आठातला एक मुसलमान. इतक्या लोकांची गरज मंचांवर किती दिसते याचा विचार केला, की मंच अंतर मिटवतो हे म्हणणे अर्धेच खरे ठरते. शहरातल्या देणाऱ्याला तो शहरातल्याच मागणाऱ्याशी अधिक सहज जोडतो. आणि धर्मशास्त्राचा कल तर जवळच्याकडे आहे. ज्या वस्तीतल्या सधनांकडून घ्यायचे तिथल्याच गरिबांना द्यायचे, हे पैगंबरांनी आपले सहकारी मुआज यांना यमनला पाठवताना दिलेल्या आदेशापासून चालत आले आहे. नातलग असेल किंवा दुसरीकडे गरज अधिक असेल तरच बाहेर पाठवणे हनफी मताला मान्य आहे.

दुसरा आक्षेप प्रतिष्ठेचा आहे, आणि माणूस म्हणून तो मला अधिक भिडतो. समोरासमोर घेताना घेणारा खाली पाहतो. गावात कोण कोणाची जकात खातो याची चर्चा होते. फोनवरून आलेल्या पैशात ती मान खाली जात नाही. हे खरे आहे, आणि म्हणूनच थेट हस्तांतरणाच्या बाजूने मी उभा राहतो. देणाऱ्याच्या मनात नियत असली की पुरे. ही जकात आहे असे घेणाऱ्याला सांगणे बंधनकारक नाही. यूपीआयवर शेरा लिहायचा रकाना मोकळा सोडला की काम भागते. मात्र मंचाच्या बाबतीत हाच मुद्दा उलटा फिरतो. तिथे देणारा निनावी राहू शकतो आणि घेणाऱ्याचे नाव, आजार, मुलांचे चेहरे हजारो अनोळखी लोकांपुढे मांडले जातात. गुपचूप देणे अधिक चांगले ही कुराणातली शिकवण देणाऱ्याच्या दिखाऊपणाला आवर घालते, तशीच ती घेणाऱ्याची अब्रूही राखते. तिचा एकच पदर पाळणारी व्यवस्था मला अपुरी वाटते.

विश्वासाचा प्रश्न बीडमध्ये धर्मापलीकडेही आहे. २०२३ नंतर ज्ञानराधा मल्टिस्टेट या सहकारी पतसंस्थेत लाखो ठेवीदारांचे पैसे अडकले, आणि त्या संस्थेचे मुख्यालय बीडमध्येच होते. झळकत्या पाट्या, शाखा, संगणकावरच्या पावत्या हे सगळे असूनही पैसा बुडू शकतो, हे या जिल्ह्यातल्या सर्व जातीधर्मांच्या लोकांनी पाहिले. वक्फ जमिनींच्या गैरव्यवहाराच्या तक्रारी इथेही झाल्या. अशा ठिकाणी चकचकीत अ‍ॅप हा भरवशाचा पुरावा ठरत नाही. त्यात फसवणुकीचे जुनेच प्रकार नव्या वेशात येतात : दुसऱ्याच्या क्यूआरवर आपला चिकटवणे, कोणाच्या तरी आजारी मुलाचा व्हिडिओ उचलून त्याखाली स्वतःचा नंबर देणे. रमजानात भावना हळव्या असतात आणि पाठवलेला पैसा परत आणणे कठीण असते. १९३० या सायबर मदत क्रमांकावर वेळेत कळवले तर तेवढीच आशा. मंचांचा खर्च हाही एक खटकणारा मुद्दा आहे. २०२० च्या जानेवारीपासून यूपीआयवर व्यापाऱ्याला शुल्क नाही, त्यामुळे थेट पाठवलेली रक्कम पुरती पोहोचते. मंच मात्र शुल्क कापतात किंवा देणाऱ्याकडून वर काही मागतात. जकात गोळा करणाऱ्या आमिलांना जकातीतून मोबदला देता येतो, हा आठ वर्गांपैकीच एक आहे, पण खासगी कंपनी त्या वर्गात बसते असे बहुतेक मुफ्ती सहजी म्हणणार नाहीत. खर्च वेगळा, जकात वेगळी, असे जे मंच स्पष्ट ठेवतात त्यांची बाजू बळकट होते.

कायद्याचा भाग थोडक्यात. विशिष्ट धर्मसमुदायापुरत्या संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकराची सवलत मिळत नाही. सवलत देणाऱ्या संस्थांत रोखीने दोन हजारांवर दिले तरी ती मिळत नाही. नोकरदाराला यामुळे पावतीचा मोह असतो, पण खेड्यातला शेतकरी, फळविक्रेता, मिस्त्री आयकराच्या या गणितात बहुधा नसतोच. परदेशातून येणाऱ्या पैशाला परकीय देणगी कायद्याची कडक चौकट आहे, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा फक्त दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घेता येतो. मात्र परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा या कायद्यात परकीय देणगी मानला जात नाही. गावातली खरी अडचण वेगळीच. बऱ्याच ठिकाणी कमिटीचे पैसे एखाद्या माणसाच्या स्वतःच्या खात्यावर जमतात. २०२५ मध्ये बंगळूरला यूपीआयच्या नोंदींवरून छोट्या दुकानदारांना कराच्या नोटिसा गेल्या तेव्हापासून अशा खजिनदाराची धास्ती वाढली असेल तर ती समजण्याजोगी आहे. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आणि संस्थेच्या नावाचे खाते हा त्यावरचा उपाय. तो कटकटीचा आहे, पण त्याला पर्याय नाही.

अ‍ॅप बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे असलेला देणारा कोण, हेही पाहण्यासारखे आहे. तो पगारदार आहे, त्याची रोकड, शेअर, सोने वेगवेगळ्या रकान्यांत लिहिता येते आणि त्याचे वर्ष रमजानात पूर्ण होते. गेवराई तालुका गोदावरीच्या दक्षिण काठावरचा, कापसाचा आणि उसाचा. इथल्या शेतकऱ्यापुढे उश्राचा प्रश्न आहे. पावसावरच्या पिकाचा दहावा आणि पाणी देऊन काढलेल्या पिकाचा विसावा हिस्सा, तोही पीक हाती येईल तेव्हा. भारतातल्या जमिनी उश्री आहेत की नाहीत यावर उलेमांत मतभेद आहेत, पण जे मानतात त्यांचे दान कापसाच्या वेचणीशी बांधलेले असते. बहुतेक जकात गणकयंत्रांचा भर रोकड, सोने आणि व्यापारावर असतो, शेतावर नसतो. स्त्रियांचे तसेच. घरातले सोने बहुधा बाईच्या मालकीचे. दोन तोळे सोने आणि हाताशी थोडी रोकड असेल, तर दोन्हींची किंमत मिळून चांदीच्या निसाबाला, म्हणजे साडेबावन्न तोळ्यांच्या किमान मर्यादेला, पोहोचते आणि तिच्यावर जकात लागू होते. देणारी ती, फोन मात्र नवऱ्याचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या ३३ टक्के स्त्रियांनी आणि ५७ टक्के पुरुषांनी कधीतरी इंटरनेट वापरले होते. पुढे हे प्रमाण वाढले असणार, तरी डिजिटल मंचाचा वापरकर्ता म्हणून जो मोजला जातो त्याच्या मागे बायकोची जकात लपलेली असू शकते, हे प्रश्नावलीत सहसा येत नाही.

मग मंचांना उमापुरात जागा नाही असे माझे म्हणणे आहे का? तसे मुळीच नाही. उलट येत्या काही वर्षांत त्यांची, किंवा निदान डिजिटल हस्तांतरणाची, गरज इथे अधिक तीव्र होणार आहे, आणि ती ऊसतोडीमुळे. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात त्या मार्च-एप्रिलपर्यंत. त्यांत सर्व जातीधर्मांची गरीब घरे असतात. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. २०२४ मध्ये तो मार्चच्या मध्याच्या सुमारास सुरू झाला, २०२५ मध्ये मार्चच्या आरंभी, २०२६ मध्ये फेब्रुवारीत. २०३० मध्ये तर जानेवारीच्या आरंभी एक आणि डिसेंबरच्या अखेरीस दुसरा, असे दोन रमजान सुरू होतील. म्हणजे आता बरीच वर्षे हा महिना पुरता गाळप हंगामात पडणार. मस्जिदीच्या दारात वाटलेली जकात आणि ईदच्या नमाजाआधी द्यायचा फितरा गावात उरलेल्यांनाच मिळेल. कारखान्याजवळ कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहणारी घरे नेमकी सुटतील. त्यांच्यापर्यंत पैसा फोननेच जाऊ शकतो. तो नवऱ्याच्या किंवा मुकादमाच्या हाती न पडता बाईच्या हाती पडावा, यासाठी खाते तिच्या नावाचे हवे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेमुळे खेड्यातल्या अनेक गरीब स्त्रियांचे आधारशी जोडलेले खाते चालू झाले आहे. राहतो तो प्रश्न कोणती घरे मुस्तहिक आहेत, कोण कोणत्या कारखान्यावर आहे, कोणाकडे निसाबाइतके काही नाही, हे ठरवण्याचा. ती यादी टोळ्या निघायच्या आधी, ऑक्टोबरात, कमिटीने आणि गावातल्या दोन-तीन जाणत्या बायकांनी बसून करावी लागेल, आणि वाटप झाल्यावर नावे झाकून एकूण हिशेब जुम्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या, नमाजानंतर वाचून दाखवावा लागेल. शहरातल्या मंचांनी अशा यादीला पैसा जोडून दिला आणि यादी करण्याचे काम गावावरच सोपवले, तर उमापूरचा मुंबईतला मुलगा चुलत्याऐवजी त्या मंचावरही रक्कम टाकेल, कारण यादी करणाऱ्यांत त्याचा चुलता असेल.